रत्तलाचा सोळावा हिस्सा

एक रत्तल शिसं घ्यायचं, पपा सांगायचे,
त्याचे सारखे सोळा गोळे ओतायचे.
त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसतो
ती सोळा बोअर.
बाराची काय, कुणाकडेही असते.
सोळाच्या तेव्हा नाशकात तीनच, असं त्यांचं म्हणणं.
एक देवळालीचा मेजर जाताना घेऊन गेला,
एकीची नळी पेठ रोडला फुटली,
तिसरी शरणपुरात, आमच्या कपाटामागे,
आईच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेली.
(आई त्यावर शेवटपर्यंत बोलली नाही.)

बेल्जमची. दोन नळ्या, बाहेर दोन घोडे,
डावा जरा आळशी.
इगतपुरीच्या डिक्रूझ ड्रायव्हरकडून
एकशे ऐंशी रुपये आणि एक सायकल देऊन घेतलेली.

दिवसा पपा नोटांच्या छापखान्यात.
तिथे एक रेघ हलली की अख्खा कागद रद्द.
रात्री तेच डोळे सोनाराच्या तराजूवर,
काळी दारू तोलताना श्वाससुद्धा बाजूला सोडायचे.
आमच्या घरात शिरलेली दारू ती एवढीच,
आणि पाळकसाहेबांना ते ठाऊक होतं.

मेन रोडचा दुकानदार सोळा मागितली की बारा दाखवायचा,
चपलेचा नंबर असल्यासारखा.
म्हणून मग तीच बावीस पितळी काडतुसं, पुन्हा पुन्हा.
जळकी टोपी काढ, नवी बसव,
दारू, पुठ्ठा, नमदा, ठासणी सावकाश.
नमदा चर्चच्या मोडक्या पेटीतला.
"देवाच्या पेटीतला?" आई.
"तिथे तरी कुठे वाजत होता?" पपा.
मग छर्रे, एक औंस,
म्हणजे तोच सोळावा हिस्सा, फक्त भुगा केलेला.
वर नाताळच्या उरलेल्या मेणबत्तीचा थेंब.

मी नऊ वर्षांची. माझं काम मोजायचं.
नांदूर मध्यमेश्वरला, पहाटे, पाणकणसात,
पोटरीभर चिखलात उभं राहून
किती उडाली ते नाही, किती पितळ परत आलं ते.
एक कमी भरलं तर पपा पडलेलं बदक सोडून
चिखल चाचपत बसायचे.

त्या दिवशी एकवीसच भरली.
आणि मी आणलेल्या तलवार बदकाच्या पायात
एक कडं होतं, हलकं, राखाडी,
परक्या लिपीतली अक्षरं आणि सहा आकडे.
पपांनी थुंकीनं पुसून आकडे वाचले,
उजेडाकडे धरले, पुन्हा वाचले,
छापखान्यात गड्डीतली नोट तपासतात तसे.
"हिला कुणीतरी नंबर देऊन सोडलं होतं," म्हणाले.
बाविसावं शोधायचं राहूनच गेलं.

कायदा आला तो पुढे तीन वर्षांनी.
आमच्याकडे आधीच थांबलं होतं,
फक्त दर थंडीत काडतुसं भरणं चालू,
भरायची, फाल्गुनात उसवायची, पुसून ठेवायची.
कशासाठी, असं मी एकदाच विचारलं.
"हात विसरतो," म्हणाले.

आता परवाना माझ्या नावावर.
निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची.
हवालदार पवित्र वस्तू घ्यावी तशी घेतो, मग विचारतो,
"ताई, चालते का ही?"
मी म्हणते, लायसन चालू आहे.

गेल्या जानेवारीत तिकीट काढून मध्यमेश्वरला गेले.
मनोऱ्याखाली गर्दी, सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी,
भाड्यानं मिळते, मीही घेतली.
गंगाधर नावाचा गाईड, चांगला पोरगा,
नावं सांगत होता, थापट्या, चक्रवाक,
ते बघा तलवार, पंचवीस-तीस तरी असतील.
मी काठाकाठानं चालत होते,
पाणी ओसरून जिथे चिखल भेगाळला होता तिथे,
पायानं एकेक ढेकूळ उलटत.
"मॅडम," तो म्हणाला,
"पक्षी वर आहेत."